आधी अर्थ, मग व्याकरण

नियम पाठ असतात, पण परभाषेत तोंड उघडत नाही. असे का व्हावे?

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजी शिकवण्याचा निराळा प्रयोग केला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो ओळखला जातो. नियम न सांगता रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा देऊन त्यावर प्रश्न घालायचा. पहिला प्रश्न शिक्षक वर्गाशी बोलत-बोलत सोडवतो. तसाच दुसरा विद्यार्थ्याने स्वतः सोडवायचा. लक्ष अर्थाकडे गुंतले की व्याकरण मनात नकळत घडते, असे प्रभूंचे म्हणणे. बोलण्याची घाई नाही. आधी समजणे महत्त्वाचे.

आपल्या महाविद्यालयात मराठी व कन्नड विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतात. बेळगावच्या गाड्यांच्या वेळा एकमेकांना एकमेकांच्या भाषेत विचारून पाहाव्यात. शब्द चुकला, तरी गाडी चुकणार नाही!