सांगून नाही राहिली

तबलजी हातोडीने गट्टे ठोकतो आहे, पण तबला काळी चारला काही केल्या लागत नाही. पाऊस नुकताच सरलाय, पुडीने ओल धरली आहे. वेकोलिच्या कोळसा खाणीत पहिली पाळी करून, घरी अंघोळ उरकून तो आलाय. तरी नखांच्या कडांना कोळसा आहेच. सर पेटीवर षड्ज दाबून डोळे मिटून बसलेत. बाहेर वणीच्या रस्त्यावर ट्रक घरघरत जातात, तेवढ्यापुरता पेटीचा सूर बुडतो आणि पुन्हा वर येतो.

सतरंजीवर समोर कॉलेजातली एक मुलगी बसली आहे. कोजागरीला कॉलनीत गाण्याचा कार्यक्रम आहे, त्यात तिला ‘स्वयंवर’ नाटकातलं रुक्मिणीचं एक पद गायचंय. बिहागातलं. कृष्णाला पाहून मनाचं काय झालं, ते रुक्मिणी त्यात बोलते. मुलीने ते मोबाईलवर ऐकून बसवलंय. तबला एकदाचा लागतो, ती गायला लागते. आवाज स्वच्छ आहे. पंचमावरून उतरताना तीव्र मध्यमाला ती अलगद हात लावते, तशी तबलजीची मान आपोआप हलते. मलाही वाटतं, झालं की काम. पहिल्याच अंतऱ्यात ती तान घेते, लगेच दुसरी, मग समेवर येऊन तिसरी.

सर पेटीचा भाता सोडून देतात.

“थांब बेटा. हे कोणाले सांगून राहिली तू?”

“सर, गाणं आहे ना ते.”

“गाणं तर तू म्हणूनच राहिली. सांगून नाही राहिली.”

ती गप्प. सर उठतात, भिंतीतल्या कपाटातून नाटकाची पुस्तकं काढतात. कडा पिवळ्या पडलेल्या, पाठीला खाकी कागद डकवलेला. वर ‘रणदुंदुभी’ आहे, अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं. बलवंत संगीत मंडळीने ते १९२७ मध्ये रंगभूमीवर आणलं आणि दीनानाथ मंगेशकरांनी त्यातली पदं गाजवली. सर ते कपाळाला लावून बाजूला ठेवतात आणि खालचं ‘स्वयंवर’ उघडतात. पदाच्या आधीचं पान काढून मुलीच्या हातात देतात.

“पद नको वाचू. त्याच्या आधीचं वाच. आपलं बोलणं असते ना, तसं.”

ती अडखळत वाचायला लागते. तबलजी मांडी मोडून पुढे सरकतो.

मी हातातल्या पुस्तकाकडे पाहतो आहे. १० डिसेंबर १९१६ ला गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक पहिल्यांदा केलं. लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यांचा जन्म गुजरातेतल्या कठोरचा आणि शिक्षण एकाहून अधिक घराण्यांच्या उस्तादांकडे झालेलं. घराण्यांच्या बंदिस्त बैठकीतली रागदारी त्यांनी पिटातल्या प्रेक्षकाच्या ओठांवर आणून ठेवली. आणि रुक्मिणी झाले अठ्ठावीस वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. सगळे दूरदूरचे. पण रुक्मिणी इथली, विदर्भाच्या राजाची लेक. तिचं कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. तीच वर्धा पुढे वणी तालुक्याच्या कडेने वाहते आणि गावातली निर्गुडा तिलाच जाऊन मिळते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आजही आषाढीला पंढरपूरला जाते.

सरही तेच सांगताहेत, त्यांच्या पद्धतीने. “रुक्मिणी आपल्या वऱ्हाडची पोरगी. भावाने, रुक्मीने, शिशुपाल ठरवून ठेवला. घरात बोलायची सोय नाही. आणि हिच्या मनात कृष्ण बसला. आता तोंडातून पहिला शब्द कसा निघन, सांग? तान घेऊन निघन का?”

मुलगी हसते, मान हलवते.

मला मात्र सरांचं सगळं पटत नाही. पद नाटकातून सुटलं म्हणून तर ते या खोलीपर्यंत आलं. ज्या कंपन्या अमरावती-नागपूरला मुक्काम ठोकायच्या, त्यांचे ते राजेशाही पडदे, मखमल, अत्तर यांतलं आज काही उरलेलं नाही. उरली ती पदं. आधी तबकड्यांवरून, मग रेडिओवरून, आता या मुलीच्या मोबाईलवरून. बैठकीत गाणाऱ्यांनी ती मनसोक्त फुलवली, त्यात गैर काय? खुद्द बालगंधर्व वन्समोअरला पुन्हा पुन्हा तेच पद घेत आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. पुढे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ करणाऱ्या नाट्यमन्वंतर या संस्थेने गाणी मोजकी केली. मी हे सरांना बोलून दाखवतो.

ते रागावत नाहीत. “बालगंधर्वांनी पसरवलं, खरं आहे. पण पसरवताना शब्द सोडला का त्यांनी? रेकॉर्ड ऐका. तान आहे, पण तिच्यात रुक्मिणी आहे. लाजली तर तानही लाजते.”

“आणि तबल्याले थिरकवाँसाहेब होते, सारंगीले कादरबक्ष,” तबलजी कानाच्या पाळीला हात लावत म्हणतो. “त्या तबल्यावर कोणाले जोर दाखवता आला नसता? पण ठेका कसा धरत, ऐकलं ना सर? गाणाऱ्याच्या मागं मागं.” एवढं बोलून तो डग्ग्यावरून तळवा नुसता घासतो, घुमारा काढून दाखवतो. मघाच्या त्याच्या जोरकस लग्गीचा आता मागमूस नाही.

आतून सरांच्या पत्नी चहा घेऊन येतात. मुलगी त्यांना आजी म्हणते. त्या कप ठेवतात आणि उभ्या उभ्याच देवलांच्या ‘शारदे’तलं एक पद गुणगुणतात. पेटी नाही, ठेका नाही. १८९९ चं नाटक. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला काढलेली ती कोवळी मुलगी. आजींचा सूर जागोजागी निसटतो, पण एकेक शब्द ठसठशीत ऐकू येतो. “माझी माय जात्यावर म्हणत होती,” त्या म्हणतात. “नाटक तिने कुठं पाहिलं? पण गोष्ट सगळी पाठ.” आणि आत जातात.

मुलगी पुस्तक खाली ठेवते. “सर, पुन्हा म्हणू?”

या वेळी ती जरा थांबून सुरुवात करते. पहिला शब्द जवळजवळ बोलल्यासारखा येतो, दुसऱ्याशी थांबते, जणू हे आपल्या तोंडून निघालं कसं याचं तिलाच नवल वाटलं. तबलजी ठेका इतका हलका धरतो, की सर पेटीचा भाता आणखी मंद करतात. अंतऱ्यात ती एकच तान घेते, तीही छोटी, वर चढून घाबरून परत आल्यासारखी. बिहाग तोच, आवाज तोच. पण आता समोर कुणीतरी आहे, ज्याला ती हे सांगते आहे. माझ्या अंगावर सरसरून काटा येतो. मघाशी मी जे वाद घालत होतो, त्यातलं अर्धं मी मनातल्या मनात मागे घेतो. उरलेलं अर्धं अजूनही माझंच आहे.

“आता आलीस कौंडण्यपुरात,” सर म्हणतात. “पण एक पद करून भागत नाही. कोजागरीला आधीचा प्रवेश वाचायचा, मग पद. लोकाइले कळलं पाहिजे पोरगी कोणत्या घरात उभी आहे ते.”

“वाचणार कोण?” मुलगी विचारते.

“रुक्मी मी,” तबलजी लगेच म्हणतो आणि पुस्तक ओढून घेतो. खाणीत यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असलेला त्याचा गळा. रुक्मीचं पहिलंच वाक्य असं दणकून येतं की गल्लीतून जाणारा एकजण दारात थबकतो.

सर त्यालाही आत बोलावतात. मग चष्मा पुसत माझ्याकडे वळतात. “भीष्मक राजा तुम्ही घ्या. पान उलटा.”