बंद मिनी ट्रॅक्टर : आधी डिझेल, मग इंजिन
रावेर-यावलच्या केळीबागांत किंवा धुळ्याच्या कपाशीत आंतरमशागत करणारा छोटा ट्रॅक्टर दोन-तीन वर्षे उभा राहिला, की ‘इंजिन उतरवा’ हा सल्ला मिळतो. तो बहुधा घाईचा असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. इंधनाच्या नळीत हवा शिरली तर ती हवाच दाबली जाते, पंपाचा दाब चढत नाही आणि नोझल उघडतच नाही. म्हणून जुने डिझेल काढावे, फिल्टर बदलावा, इंधन नळीचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर? शक्य आहे, पण मग कॉम्प्रेशन मोजून पाहावे, अंदाजाने हेड उघडू नये. मात्र स्टार्टर मारण्यापूर्वी तेल तपासून इंजिन हाताने फिरवावेच. अडकलेल्या पिस्टनवर जोर महागात पडतो.