टाकाऊ बाटल्यांतून घडलेला पेला

जपानच्या नैर्ऋत्येकडील ओकिनावा बेटावर जाणाऱ्या पर्यटकांच्या कार्यक्रमात निळाशार समुद्र, प्रवाळ आणि जुन्या राजवटीचे किल्ले यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट बहुतेक वेळा असते. काचेच्या धगधगत्या भट्टीसमोर उभे राहून आपल्या फुंकरीने एक पेला घडविण्याची! नाहा या राजधानीच्या शहरात, दक्षिणेकडील इतोमानमध्ये आणि योमितान, ओन्ना या गावांत अशी संधी देणाऱ्या कार्यशाळा आहेत. काही हजार येन मोजले की दहा-पंधरा मिनिटांत पेला तयार होतो आणि हौशी पर्यटक समाधानाने छायाचित्रे काढून घेतात. मात्र, 'ऱ्युक्यू काच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेल्याची काच जाड का आणि तिच्यात बुडबुडे का, याचे उत्तर त्या भट्टीत नसून ओकिनावाच्या गेल्या शतकाच्या इतिहासात आहे.

फुंकर पर्यटकाची, हात कारागिराचा

कार्यशाळेत येणाऱ्याने आधी आकार आणि रंग निवडायचा. पायांत बंद बूट हवेत. हातांत सुती मोजे आणि बाह्यांवर संरक्षक आवरण चढवले की त्याला भट्टीजवळ नेले जाते. भट्टीत बाराशे ते तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळलेली काच पाकासारखी दाट आणि नारिंगी दिसते. कारागीर लांब, पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला हा रस गुंडाळून बाहेर काढतो, लोखंडी पाटावर फिरवून त्याला गोलाई देतो आणि नळीचे दुसरे टोक पाहुण्याच्या ओठांजवळ धरतो. 'आणखी, आणखी' आणि मग 'पुरे' एवढ्याच सूचनांवर काचेचा फुगा तयार होतो. साच्यात घालून फुंकल्यास त्यावर उभ्या पन्हाळी उमटतात.

पुढची पायरी नवख्याला चकित करते. फुग्याच्या तळाला दुसरी, भरीव सळई चिकटवली जाते आणि फुंकनळी हलका ठोका देऊन वेगळी केली जाते. आतापर्यंत जे नळीचे टोक होते, तेच पेल्याचे तोंड होते. ते पुन्हा तापवून मऊ केल्यावर पाहुण्याला बाकावर बसवून हाती मोठ्या चिमट्यासारखे अवजार दिले जाते. चिमट्याची पाती तोंडात घालून हळूहळू उघडायची की पेल्याची कड रुंदावत जाते. या सगळ्या वेळात सळई फिरवीत राहण्याचे काम कारागीर करतो. फिरणे थांबले, तर मऊ काच स्वतःच्या वजनाने एका बाजूला ओघळेल.

म्हणूनच 'पेला कोणी घडविला' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'बहुतांशी कारागिराने' असेच आहे. काचेच्या रंगावरून तिचे तापमान ओळखणे आणि किती काच उचलायची याचा अंदाज घेणे ही कौशल्ये अंगी बाणायला वर्षे लागतात. पर्यटकाच्या वाट्याला येते ती फुंकर आणि तोंड उघडण्याची कृती. तथापि, तेवढ्यातही एक गोष्ट हाताला कळते. काच विचार करायला वेळ देत नाही. भट्टीबाहेर येताच ती घट्ट होऊ लागते आणि काही सेकंद उशीर झाला, तर चिमटा तिच्यावर नुसता घसरतो.

त्याच दिवशी पेला का मिळत नाही?

तयार झालेला पेला लगेच हातात पडेल, ही अपेक्षा मात्र पूर्ण होत नाही. गरम काच उघड्यावर ठेवली, तर तिचा बाहेरचा थर आधी थंड होऊन ताठ होतो. आतला थर नंतर आकसू पाहतो. पण बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीने काचेत ताण साठतो आणि पेला त्याच वेळी किंवा काही दिवसांनी अचानक तडकतो. हे टाळण्यासाठी तो पाचशे-सहाशे अंशांच्या पेटीत ठेवून रात्रभर सावकाश थंड केला जातो. त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी येऊन न्यावा लागतो किंवा टपालाने मागवावा लागतो. बेटावरील शेवटच्या दिवशी कार्यशाळा ठरवणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

युद्धानंतरची भट्टी

ओकिनावावर एकेकाळी ऱ्युक्यू हे स्वतंत्र राज्य होते. १८७९ मध्ये जपानने ते खालसा केले. काचकाम तेथे आले ते त्यानंतर, मेईजी काळात. जपानच्या मुख्य भूमीवरील कारागिरांकडून शिकलेल्या या उद्योगात तेव्हा दिव्यांच्या चिमण्या, औषधांच्या बाटल्या, मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते गोळे अशा रोजच्या उपयोगाच्या वस्तू बनत. कलात्मक काचेचा तेथे मागमूस नव्हता.

१० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात नाहा शहराचा बहुतांश भाग जळाला. १९४५ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत बेटावर झालेल्या लढाईत दोन लाखांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत सामान्य नागरिकांची संख्या फार मोठी होती. युद्ध संपले तेव्हा कारागीर थोडे उरले होते आणि कच्चा माल जवळपास नव्हताच. होत्या त्या अमेरिकी लष्करी तळांतून बाहेर पडणाऱ्या कोलाच्या आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्या. कारागिरांनी त्या गोळा केल्या, धुतल्या, फोडल्या आणि वितळवल्या.

हा माल सोपा नव्हता. बाटल्यांची काच यंत्रासाठी बनवलेली असते. ती लवकर घट्ट होते. त्यामुळे हाताने काम करणाऱ्याला वेळ कमी मिळतो आणि नाजूक, पातळ वस्तू साधत नाही. काचेत राहिलेल्या अशुद्धीमुळे बुडबुडे अडकत. वेगवेगळ्या जातीची काच एकत्र झाली, तर थंड होताना वस्तू तडकत असे. रंगही बाटल्यांचेच मिळत : बिअरच्या बाटलीचा तपकिरी, पेयांच्या बाटल्यांचा हिरवा आणि फिकट निळा. काचेच्या प्रचलित कसोटीवर जाडी आणि बुडबुडे हे दोन्ही दोषच होते. पण तळांवरील अमेरिकी कुटुंबांना हीच जाड, रंगीत काच आवडली. त्यांच्या मागणीप्रमाणे वाडगे, फुलदाण्या, मद्याचे पेले बनू लागले आणि भेटवस्तू म्हणून अमेरिकेत जाऊ लागले. ज्या सैन्याशी झालेल्या लढाईत बेट बेचिराख झाले, त्याच सैन्याच्या कचऱ्यातून माल आणि त्याच्याच घरांतून गिऱ्हाईक, असा हा व्यवसाय उभा राहिला.

१५ मे १९७२ रोजी ओकिनावा पुन्हा जपानच्या ताब्यात आले आणि गिऱ्हाईक बदलले. १९७५ मध्ये तेथे भरलेल्या सागरविषयक जागतिक प्रदर्शनानंतर मुख्य भूमीवरील पर्यटकांची रीघ लागली. ऱ्युक्यू काच ही बेटाची खूण बनली. १९९८ मध्ये ओकिनावा प्रांताने तिला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.

मुद्दाम आणलेले बुडबुडे

आज अनेक कार्यशाळा नव्या कच्च्या मालाची काच वितळवतात आणि रंगासाठी धातूंची संयुगे मिसळतात. स्वच्छ माल आला तशी बुडबुड्यांची सक्ती संपली; पण गिऱ्हाइकाला ते हवेच असतात. त्यामुळे आता बेकिंग सोडा किंवा तांदळाचा कोंडा यांसारखे पदार्थ मिसळून बुडबुडे मुद्दाम निर्माण केले जातात. गरम काच क्षणभर पाण्यात बुडवून तिच्या पृष्ठभागावर भेगांची जाळी उमटवतात आणि ती पुन्हा तापवून पक्की करतात. टाकाऊ बाटल्या किंवा खिडक्यांच्या काचांवरच काम करणारे कारागीरही आहेत.

खरेदी करताना आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. ऱ्युक्यू काचेच्या शैलीतील काही माल व्हिएतनाममध्ये तयार होऊन ओकिनावात विकला जातो. तो वाईट असतो असे नाही. मात्र स्थानिक कारागिराच्या हातची वस्तू हवी असेल, तर ती कोठे बनली हे दुकानात विचारून घ्यावे. घरी आणल्यावर या पेल्यात उकळते पाणी ओतू नये. त्याची जाड काच थंड पेयांसाठीच आहे.

पर्यटकांची वर्दळ असलेल्या काचकार्यशाळा ज्या इतोमानमध्ये आहेत, तेथेच माबुनीची टेकडीही आहे. १९४५ ची लढाई याच भागात संपली. तेथील शांतता उद्यानात १९९५ मध्ये उभारलेल्या काळ्या शिळांवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक मृतांची नावे कोरलेली आहेत. ओकिनावाचे नागरिक, जपानी सैनिक आणि अमेरिकी सैनिक एकाच ठिकाणी. पेला थंड होण्याची वाट पाहावीच लागते. तेवढ्या वेळात या शिळांपर्यंत जाऊन येता येते आणि दुसऱ्या दिवशी हाती येणाऱ्या पेल्यातील बुडबुड्यांकडे मग वेगळ्या नजरेने पाहिले जाते.