सव्वाचार इंचांची गल

गोट्या खेळलेल्या माणसाला गॉल्फ समजायला वेळ लागत नाही. जमिनीत गल, तिच्यात गोळी घालायची, बस्स. ही गल (गॉल्फच्या भाषेत होल) मात्र १८९१ पासून नियमाने बांधलेली आहे: तोंड सव्वाचार इंच. चेंडू पावणेदोन इंचांहूनही जरासा लहान. म्हणजे दोन चेंडू शेजारीशेजारी आत मावतील. तरीही अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे कसलेले खेळाडू आठ फुटांवरून जवळपास निम्मेच पट (चेंडू गलीकडे हलकेच ढकलायचे फटके) आत घालतात. टीव्हीवर सगळेच जाताना दिसतात, कारण कॅमेरा त्या दिवशी ज्याचा हात चाललाय त्याच्याच मागे असतो.

आठ फूट राहू द्या. १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये डग सँडर्सला जेमतेम तीन फुटांचा पट घालून जिंकायचं होतं. चेंडूच्या वाटेत काहीतरी दिसलं, पाय न हलवता ते उचलायला तो वाकला आणि तसाच, पुन्हा नीट उभा न राहता, खेळून मोकळा झाला. चेंडू उजवीकडून गेला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलॉस एका फटक्याने जिंकला. २०१२ मध्ये कोरियाच्या आय. के. किमचं तर अंतर फक्त फूटभर होतं. एवढ्यावरून तिचीही मोठी स्पर्धा निसटली. (तिने २०१७ मध्ये महिलांची ब्रिटिश ओपन जिंकून उट्टं काढलं.) आणि एर्नी एल्स! २०१६ च्या मास्टर्स स्पर्धेच्या पहिल्याच होलवर, दोन-तीन फुटांपासून सुरुवात करून, या दिग्गजाला सहा पट लागले.

आपल्याकडचंही एक दुखणं आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ च्या प्रेसिडेंट्स कपमध्ये अमेरिकेविरुद्ध खेळताना शेवटच्या होलवर चार-एक फुटांवरून चुकला. त्याचा सामना गेला, आणि अमेरिकेने कप साडेपंधरा-साडेचौदा असा राखला.

हात तेच, गल तीच. मग ऐन वेळी बिघडतं काय?

संशोधक डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले. सारख्याच अंतरावरून बर्डीसाठीचा (ठरल्यापेक्षा एक फटका कमी करण्याचा) पट जास्त वेळा चुकतो, पार (म्हणजे ठरलेले फटके) वाचवायचा पट जास्त वेळा जातो. नवं मिळवण्यापेक्षा हातचं जाण्याची धास्ती माणसाला जास्त कामाला लावते. टायगर वुड्सही याला अपवाद नव्हता, हे वाचून मला तरी बरं वाटलं.

‘ताक सांडू नकोस हं’ म्हटलं की पोराच्या हातून ते हमखास सांडतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी हेच लोकांच्या हाती पटर (पट मारायची काठी) देऊन करून पाहिलं. ‘चेंडू पुढे जाऊ देऊ नका’ असं सांगायचं आणि वर एक लांबलचक आकडाही लक्षात ठेवायला लावायचा. चेंडू नेमका पुढेच गेला! तेव्हा मनाला ‘नको’ सांगण्यापेक्षा कुठे जायचं ते सांगावं.

मानसशास्त्रज्ञ शियान बायलॉक यांच्या प्रयोगांत आणखी गंमत. नवशिक्याने मनगट, खांदा यांच्याकडे लक्ष दिलं तर त्याचा फायदा; मुरलेल्याने तेच केलं की खेळ बिघडतो. त्याला उलट ‘चटकन खेळ’ म्हटलं की तो जास्त अचूक! पोळी लाटणाऱ्या आजीला ‘हात नेमका कसा फिरवता?’ विचारून पाहा, पुढची पोळी वाकडी.

मग लक्ष ठेवायचं कुठे? कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला. चांगल्या पटरबाजाची नजर फटक्याआधी दोनेक सेकंद चेंडूवर थिजते आणि चेंडू सुटल्यावरही क्षणभर तिथंच राहते. नवख्याची भिरभिरते. (जॉर्डन स्पीथने मात्र २०१५ ची मास्टर्स जिंकताना जवळचे पट चक्क होलकडे बघत खेळले. असतात एकेक.)

विश्वासाचं गणितही मजेशीर आहे. मानसशास्त्रज्ञ जेसिका विट यांना आढळलं, की त्या दिवशी चांगलं खेळलेल्यांना होल मोठं वाटतं. पुढे त्यांनी होलभोवती प्रकाशाची लहान वर्तुळं पाडली. होल मोठं भासलं आणि पटही जास्त गेले! ‘हा लकी चेंडू’ म्हणून दिला तरी खेळ सुधारतो, असा जर्मनीतला एक प्रयोग २०१० मध्ये गाजला होता. पुढे अमेरिकेत तो करून पाहिला तेव्हा काहीच फरक दिसला नाही, तेव्हा चेंडूला लिंबू-मिरची बांधायची घाई नको.

सगळ्यात चिवट जर्मनीचा बर्नहार्ड लांगर. पट मारताना हात अचानक झटका खाण्याच्या ‘यिप्स’ने त्याला कारकिर्दीत अनेकदा गाठलं. १९९१ च्या अमेरिकेविरुद्धच्या रायडर कपमध्ये सहा फुटांचा निर्णायक पट चुकला, युरोप हरला. पुढच्याच रविवारी जर्मनीत त्याने शेवटच्या होलवर पट घालून प्लेऑफ गाठला आणि स्पर्धा जिंकली. १९९३ मध्ये दुसऱ्यांदा मास्टर्सही. यिप्सला चकवायला त्याने एक पकड काढली होती: पटरची दांडी डाव्या हाताला टेकवायची आणि उजव्या हाताने दोन्ही घट्ट आवळायचं. बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याचा हात मोडलाय, फळी बांधतोय.