पुस्तक छापायला देताय? आधी फर्मा, ब्लीड आणि जीएसएम म्हणजे काय ते समजून घ्या

समजा, आईच्या कविता कित्येक वर्षं वहीत पडून आहेत. तिच्या साठीला त्यांचं पुस्तक काढायचं घरात ठरतं. तुम्ही पेन ड्राइव्ह घेऊन प्रेसमध्ये जाता आणि समोरून प्रश्न सुरू होतात, "साइज डेमी का? फर्मे किती? पेपर किती जीएसएम? ब्लीड ठेवलंय ना?"

आपण नुसती मान डोलावतो. मग ३०० प्रती घरी येतात आणि मुखपृष्ठावर आईच्या आडनावाचं शेवटचं अक्षर कापलेलं दिसतं. पोस्ट एडिट करता येते, छापलेलं पुस्तक नाही. म्हणून हे शब्द आधीच माहीत असलेले बरे.

पान आणि पृष्ठ
बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थानं वापरतो. पण कागदाच्या एका पानाला दोन बाजू असतात, म्हणजे दोन पृष्ठं. दर ठरवताना "१०० पानं" म्हणालात तर १०० की २००, असा घोळ होतो. त्यामुळे नेहमी पृष्ठसंख्या सांगा.

डेमी
हा पुस्तकाचा आकार. डेमी १/८ म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. ए-फोर आकारात टाइप केलेला मजकूर या आकारात जवळपास दुप्पट पृष्ठं घेतो. म्हणून आकार आधी ठरवा, पृष्ठं नंतर मोजा.

फर्मा
ऑफसेट छपाईत एकेक पृष्ठ सुटं छापत नाहीत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून अनेक पृष्ठं छापतात आणि मग घड्या घालून कापतात. हा झाला एक फर्मा. डेमी १/८ मध्ये तो सहसा १६ पृष्ठांचा असतो. ६ फर्मे म्हणजे ९६ पृष्ठं, ७ म्हणजे ११२. तुमची १०० भरली, तर शेवटच्या ४ पृष्ठांसाठी वेगळा खटाटोप करावा लागतो. अर्धा किंवा पाव फर्मा छापता येतो, पण खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यापेक्षा ४ पृष्ठं कमी करणं परवडतं.

जीएसएम
एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आतल्या पानांना साधारण ७० ते ८०, तर मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएमचा कागद वापरतात. कागद फार पातळ असेल तर मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसतात.

ब्लीड आणि समास
छपाईनंतर पुस्तकाच्या कडा कापतात आणि कटर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून मुखपृष्ठाचा रंग किंवा चित्र कडेच्या बाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. हे ब्लीड. ते नसेल तर कडेला पांढरी रेघ उमटते. याउलट, अक्षरं कडेपासून आतच हवीत, नाहीतर तीही कटरखाली जातात. मजकुराभोवतीची कोरी जागा म्हणजे समास. बांधणीच्या बाजूला तो जास्त ठेवा, नाहीतर ओळींची टोकं शिवणीत अडकतात.

सीएमवायके आणि डीपीआय
मोबाइलचा स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाई निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून होते, तिलाच सीएमवायके म्हणतात. म्हणून स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मवाळ दिसतो. फोटोला इंचामागे ३०० ठिपके लागतात, म्हणजे ५ इंच रुंद फोटो किमान १५०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बऱ्याचदा दाबून लहान झालेला असतो. मूळ फाईलच मागवा.

युनिकोड
जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असायचे. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. म्हणून फॉन्ट बदलला की मुद्रितशोधन पुन्हा करायचं.

प्रूफ
छपाईआधीची शेवटची नमुना प्रत. ती मोबाइलवर न बघता कागदावर मागा. जिच्या कविता आहेत तिलाच वाचायला द्या. त्यावर सही झाली की पुढच्या चुका सहसा तुमच्या खात्यात जातात.