पोच

यंदा मे महिन्यात आमच्या माळ्यावरच्या आंब्याच्या अढीतून एक वायर लोंबत होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, “अढीला शॉक देता की काय?” शॉक बसायचा होता तो मला, पण ते मागाहून.

नात अमेरिकेत शिकते. कॉलेजला सुट्टी लागली की हापूस संपायच्या आत रत्नागिरी गाठायची, हा तिचा नेम. या खेपेला तिच्या सामानात शाळेतला जुना कॅल्क्युलेटर होता. आमच्या बँकेतल्या टेबलावर असायचा तसला नव्हे, पडद्यावर आलेख काढणारा. म्हणाली, “आजोबा, अढीतल्या आंब्यांना ताप किती चढतो, ते मोजू या.” पिकताना फळाचा श्वासोच्छ्वास वाढतो आणि उष्णता बाहेर पडते, पेंढ्यात हात घातला की कोकणातल्या कुठल्याही आजीला ते कळतं. नातीला मात्र आकडे हवे होते.

तापमान मोजणारी पोलादी नळी तिनं पेंढ्यात खुपसली आणि वायरचं दुसरं टोक पत्त्याच्या पानाहून लहान अशा एका बोर्डाला जोडलं. त्याचं नाव आर्डुइनो. त्यावरच्या एका चिपमध्ये अख्खा छोटा संगणक असतो. २००५ साली हा बोर्ड इटलीतल्या इव्रेआ गावी जन्मला. नाव पडलं तिथल्या एका बारवरून, आणि बारचं नाव अर्दुइन राजावरून. हा राजा १००२ साली इटलीच्या गादीवर बसला आणि पुढे ती गमावून बसला. थिबा राजाला १९१६ पर्यंत सांभाळणाऱ्या आमच्या गावाला असला पाहुणा परका कसा वाटावा?

बोर्डानं मोजायचं आणि कॅल्क्युलेटरनं आलेख काढायचा, असं ठरलं. पण दोघांनी एकमेकांशी बोलावं कसं? कॅल्क्युलेटर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा. त्याला २.५ मिलिमीटरचं, इअरफोनच्या भोकाहून बारीक असं एक भोक आहे. आत तीन जोडण्या : एक जमिनीची आणि दोन बोलण्याच्या, तांबडी नि पांढरी. एरवी दोन्ही तारांवर दाब असतो. शून्य पाठवायचं असेल तर पाठवणारा तांबडी तार खाली ओढतो, एक पाठवायचा असेल तर पांढरी. खरी गंमत पुढे आहे. ऐकणारा उरलेली तार खाली ओढून ‘मिळालं’ असं कळवतो. मग पाठवणारा आपली तार सोडतो आणि शेवटी ऐकणारा आपली. एवढं झाल्याशिवाय पुढचा आकडा निघत नाही.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही रीत फार आवडली. प्रत्येक शून्याची नि प्रत्येक एकाची पोच! शिवाय हा कॅल्क्युलेटर कुठलीही संख्या १४ दशमान आकड्यांत, लेजर लिहावं तशी मांडून ठेवतो. बोर्डाचा हिशेब शून्य-एकाचा. म्हणून तापमान त्याच्या वहीच्या पद्धतीनं लिहूनच पाठवावं लागतं.

पहिले दोन दिवस पडद्यावर ‘लिंक एरर’ याखेरीज काही उमटेना. पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, “कुठली तार कुठे जाते, ते कागदावर लिही.” लिहिताना तिच्याच ध्यानात आलं की तांबडी-पांढरीची अदलाबदल झाली होती. शून्याचा एक आणि एकाचा शून्य होत होता. तारा बदलल्या आणि पडद्यावर आकडा उमटला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे ओरडलो.

मग तिनं सांगितलं, “शेवटी सगळ्याची बेरीजही पाठवतात. जुळली नाही तर चूक कळते.”

“आणि मधल्या दोन आकड्यांच्या जागाच बदलल्या तर?”

ती थांबली. “बेरीज तीच येईल. नाही कळणार, आजोबा.”

मी गप्प झालो. मला एक वहाण नसलेली बाई आठवली.

मी बँकेत नवा होतो. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, आईच्या खात्यावर पैसे धाडायचा. एका महिन्याचे पैसे मी दुसऱ्याच खात्यात जमा केले. दोघी एकाच गावच्या. नाव-आडनाव एक, नवऱ्याचं नाव तेवढं वेगळं. संध्याकाळी बेरजा चोख जुळल्या. जुळणारच; पैसे लेजरच्या एका पानाऐवजी दुसऱ्या पानावर गेले होते. ती बाई तीनदा चालत आली आणि तिन्ही वेळा मी खिडकीतून सांगितलं, “आले नाहीत.” मुलगा पत्रात ‘पाठवले’ म्हणत होता. तिनं साहेबावर विश्वास ठेवला, मुलावर नाही.

दुसऱ्या बाईनं पासबुक भरायला आणलं तेव्हा घोळ उघड झाला. मी हात जोडून माफी मागितली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “पैसे मिळाले म्हणून झिलाला लिवून द्या. शिक्का मारून. मी त्येला नको ते लिवलंय.”

मी लिहून दिलं. त्या पत्राची पोच मला कधी मिळाली नाही. ती बाई पुढे खिडकीशी आली, तेव्हा विचारायचा धीर झाला नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवला. आलेखाची रेघ खोलीच्या तापमानापासून हळूहळू वर चढत होती. आंबे पिकत होते.

परवा ती परत गेली. निघताना मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “पोचलीस की कळव.” दुसऱ्या दिवशी मोबाइलवर शब्द आला : ‘पोचले.’ वाचून समाधान वाटलं नि मी फोन बाजूला ठेवून आंबे निवडायला बसलो. अर्ध्या तासानं फोन वाजला.

“आजोबा, तुमची तार खाली ओढा ना! मी वाट बघतेय.”