भ्रमणध्वनीवरील जुगार आणि कामगार कुटुंबे

सुरत शहरातील उधना, पांडेसरा व लिंबायत या भागांत यंत्रमाग व रंगाईच्या कारखान्यांच्या आश्रयाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. अशा कमावत्या माणसाकडून गावी येणारी रक्कम एकाएकी थांबली, तर आजारपण किंवा कामाची तूट हीच कारणे प्रथम गृहीत धरली जातात. भ्रमणध्वनीवर चालणारा पैशाचा जुगार हेही एक कारण असू शकते, याची जाणीव गावकऱ्यांनी ठेवणे अगत्याचे झाले आहे.

जुगार हा काही नवा नव्हे. मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे आणि १९६० पर्यंत उधनाही मुंबई राज्यातच होते. परंतु पत्त्यांचा क्लब असो वा मटका, त्यासाठी अड्डा गाठावा लागे. वेळ ठरलेली असे. खिसा रिकामा झाला की खेळ थांबे. आणि जाणारा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेस पडे. भ्रमणध्वनीने हे सारे अडसर दूर केले. रात्रपाळीच्या मधल्या सुटीत डाव लागतो, काही क्षणांत निकाल लागतो आणि पैसे थेट बँक खात्यातून जातात. घरच्यांना दिसतो तो केवळ फोन पाहणारा माणूस!

आरंभीचा एखादा विजय व थोडक्यात हुकलेला डाव हे दोन्ही मनास सारखेच चेतवितात. पुढे गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी अधिक मोठे डाव लावले जातात. खरी घसरण येथून सुरू होते. तरुण पुरुष, कर्जबाजारी, मद्यपी, खिन्नतेने ग्रासलेले आणि कुटुंबापासून दूर एकटे राहणारे यांना हा धोका विशेष संभवतो. सुशिक्षित नोकरदारही त्यातून सुटत नाहीत. निद्रानाश, खोटे बोलणे, उसनवारी, दागिने गहाण पडणे आणि प्रसंगी आत्महत्येचा विचार, इथवर मजल जाते. जागतिक आरोग्य संघटनेने या व्यसनाची गणना विकारांत केली आहे. त्यावर उपचार आहेत.

पैशाच्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्यास मात्र या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे कुटुंबीयांनी धास्ती न बाळगता ‘टेली-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घ्यावा. तेथे मराठीतूनही बोलता येते.